बारा महिन्यांना एकच उतार लावला की उंदरांचं गणित का चुकतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कुठे चुकलो तर सांगा. इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला सोयाबीन-गव्हाच्या काळ्या जमिनीत तुम्ही दोन वर्षं दर महिन्याला तीन रात्री सापळे लावलेत. प्रत्येक महिन्याच्या आकड्याचा लॉग (लॉगॅरिदम) घेतलात, पुढच्या महिन्याच्या लॉगमधून तो वजा करून वाढीचा दर काढलात आणि तो दर त्या महिन्याच्या संख्येसमोर मांडलात. ठिपके विखुरले, त्यांतून ओढलेल्या रेघेचा उतार आला उणे ०.१५. प्रबंधाचे मार्गदर्शक म्हणतात, ‘घनतेचा परिणाम आढळला नाही’ असं लिहा आणि मोकळे व्हा. तिकडे वडील म्हणतात, एवढे उंदीर मोजलेस, मग औषध कधी टाकायचं तेवढं सांग.

मार्गदर्शकांचं आणि वडिलांचं, दोघांचं कोडं एकाच जागी अडलंय. गर्दी झाली, म्हणजे घनता वाढली, की उंदरांची वाढ मंदावते, पण किती मंदावते हे वर्षाचा कुठला काळ चालू आहे त्यावर ठरतं. पावसाळ्यातली गर्दी आणि एप्रिल-मेमधली गर्दी उंदराला सारखी जाचत नाही. दोन्हींचे ठिपके एका कागदावर टाकून मधून एक रेघ ओढली, तर ती रेघ ना पावसाळ्याची ना उन्हाळ्याची.

आधी त्या उणे ०.१५ चं बघू, कारण त्यात एक गंमत दडलेली आहे. समजा, उंदरांना गर्दीशी काहीही देणंघेणं नाही. फक्त ऋतूमुळे त्यांच्या संख्येचा लॉग वर्षभर एका सुबक लाटेसारखा वर चढतो आणि खाली येतो. या काल्पनिक लाटेवरून दर महिन्याला एक आकडा उचलून तुमचंच रिग्रेशन, म्हणजे ठिपक्यांतून रेघ बसवण्याचं गणित, चालवलं, तरी उतार येतो कोसाइन ३० अंश वजा १, म्हणजे उणे ०.१३४. बारा महिन्यांचं चक्र ३६० अंशांचं, म्हणून एक महिना ३० अंशांचा. एवढा उतार तर नुसतं कॅलेंडरच देतं, त्यामुळे तुमच्या ०.१५ मधून बाजूने किंवा विरुद्ध काहीच सिद्ध होत नाही. पडताळून पाहायचं असेल तर तेच ठिपके महिन्यांच्या क्रमाने पेन्सिलीने जोडा. रेघेऐवजी वेटोळं दिसेल. ऋतूमुळे होणारा चढउतार असा गोल फिरतो आणि घनतेचा खरा परिणाम त्या वेटोळ्याच्या पोटात बुडून जातो.

म्हणून मी महिन्यांची साखळी सोडून देतो आणि वर्षाचे दोन तुकडे करतो. पहिली मोजणी जूनच्या सुरुवातीला, पहिल्या दमदार पावसाच्या आधी. दुसरी सोयाबीन निघाल्यानंतर, गव्हासाठी शेतात पाणी सोडण्याच्या आधी. जून ते नोव्हेंबर हा वाढीचा तुकडा, नोव्हेंबर ते पुढचा जून हा ओढीचा, म्हणजे टंचाईचा, तुकडा. मोजणीची तारीख कॅलेंडरवर बांधू नका, पाऊस आणि पीक यांच्या टप्प्यावर बांधा. पाऊस एखाद्या वर्षी पंधरा दिवस पुढे-मागे झाला आणि तुम्ही १५ जूनला अडून बसलात, तर एका वर्षी कोरड्या भेगांतले उंदीर मोजाल आणि दुसऱ्या वर्षी बुडालेल्या बिळांतून वाचलेले. गव्हाच्या पाण्याचंही तसंच. मोकाट पाणी सोडलं की बिळातले उंदीर बांधावर येतात आणि बांधावरचे सापळे एका रात्रीत भरतात. संख्या वाढलेली नसते, फक्त उंदीर एका जागी गोळा झालेले असतात.

आता हिशेब. वाढीच्या तुकड्यात: नोव्हेंबरचा लॉग वजा जूनचा लॉग, जूनच्या लॉगसमोर मांडा. ओढीच्या तुकड्यात: पुढच्या जूनचा लॉग वजा नोव्हेंबरचा लॉग, नोव्हेंबरच्या लॉगसमोर मांडा. दोन वेगळे उतार मिळतील. समजा पहिला उणे ०.२ आणि दुसरा उणे ०.७ आला (हे आकडे नुसते समजण्यापुरते, मोजलेले नाहीत). प्रत्येकात १ मिळवा: ०.८ आणि ०.३. जूनमध्ये शेताच्या एखाद्या तुकड्यात उंदीर (लॉगमध्ये) सरासरीपेक्षा जितके जास्त होते, त्यातला ०.८ भाग नोव्हेंबरपर्यंत टिकतो आणि त्यातला ०.३ भाग पुढच्या जूनपर्यंत. गुणाकार ०.२४. वर्षभराचा एकत्रित उतार मग उणे ०.७६, आणि त्यातलं बहुतेक काम कोरड्या महिन्यांनी केलेलं असतं. मासिक रिग्रेशनमध्ये नेमकं हेच दिसत नाही.

असं का व्हावं, याचं उत्तर शेतात आहे. पावसाळ्यात गवत, तण, कोवळे दाणे, ओल, सगळं मुबलक असतं. छोट्या घुशीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, जर्बिल जातीच्या उंदराचा चार आठवड्यांच्या आसपास, आणि एका वेताला पाच-सात पिल्लं सहज होतात. अन्न उरून जात असेल तर शेजारच्या बिळात कोण आहे याने मादीच्या विणीत फारसा फरक पडत नाही. गर्दीचा जाच सुरू होतो तो हंगामाच्या शेवटी, जेव्हा नव्या पिढीच्या माद्यांना स्वतःचं बीळ आणि हद्द मिळत नाही आणि त्यांचं वयात येणं लांबतं. पावसाचा सरळ फटका मात्र घनता बघून बसत नाही. जुलैच्या ढगफुटीत बिळं बुडतात तेव्हा एका बांधावर दोन बिळं होती की वीस, पिल्लं सारखीच मरतात. मऊ केसांचा शेतउंदीर, म्हणजे मिलार्डिया मेल्टाडा, काळ्या जमिनीच्या भेगांत राहतो. त्याला हा फटका जास्त, कारण पहिल्या मोठ्या पावसात भेगाच मिटतात. म्हणून वाढीच्या तुकड्याच्या समीकरणात जून-जुलैचा पाऊस वेगळा घटक म्हणून घालाच. तो नसेल तर पावसाने केलेला घोळ घनतेच्या नावावर जमा होईल.

गहू निघाल्यावर चित्र पालटतं. मार्च-एप्रिलनंतर शेत उघडं पडतं. खायला सांडलेले दाणे, बिळात साठवलेल्या ओंब्या आणि विहिरीच्या पाण्यावरचा एखादा हिरवा तुकडा, कांद्याचा किंवा घासाचा. सगळे उंदीर बांध, पाटाची कड आणि खळ्याकडे सरकतात. वाटा ठरलेला आणि खाणारी तोंडं जास्त, म्हणून इथे घनता खरोखर चावते. त्यात आडोसा गेलेला असतो. घुबड, कापशी घार, मुंगूस, धामण यांना उघड्या रानात जिथे उंदीर जास्त तिथेच वळणं सोपं जातं. हे सगळे मिळेल ते भक्ष्य धरणारे शिकारी. उंदीर कमी झाले की ते सरडे, टोळ, पक्षी यांच्याकडे वळतात, म्हणून त्यांचा दाब लगेच चढतो आणि लगेच उतरतो. स्कँडिनेव्हियात वोलच्या (आखूड शेपटीच्या उंदरासारख्या प्राण्याच्या) मागे लागणारा वीझल हा छोटा मांसभक्षी प्राणी तसा नाही. तो मुख्यतः वोलवरच जगतो, त्याची संख्या वोलच्या मागून वाढते आणि मागूनच घटते. तिथे तीन ते पाच वर्षांची आवर्तनं दिसतात त्यामागे हा उशीर एक प्रमुख कारण मानला जातो. फिनलंडच्या वायव्य टोकाला किल्पिसयार्वी इथल्या वोलच्या वसंत-शरद मोजण्यांवर हॅन्सन, स्टेनसेथ आणि हेन्टोनेन यांनी १९९९ मध्ये हंगामवार घनतेचंच विश्लेषण केलं. पण तिथला ओढीचा काळ म्हणजे बर्फाखालचा लांब हिवाळा. आपल्या माळव्याला जवळचं उदाहरण टांझानियातल्या मोरोगोरोचं आहे. तिथल्या मास्टोमिस उंदरांवर लेअर्स, स्टेनसेथ आणि सहकाऱ्यांचा लेख १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पाऊस आणि घनता या दोन्ही गोष्टी उंदरांचं जगणं आणि वयात येणं एकाच वेळी ठरवतात, हे त्यात पकडून-खूण करून केलेल्या मोजणीतून दाखवलं आहे. त्यांची पद्धत उचला, त्यांचे आकडे नका उचलू.

उशिराच्या घनतेचा, म्हणजे मागच्या वर्षीच्या गर्दीचा परिणाम या वर्षी दिसतो का हा प्रश्न दोन वर्षांच्या आकड्यांत शोधूच नका. तिथे तुमच्याकडे काही नाही.

आता सापळ्यांकडे येतो. माझ्या मते निम्मी चूक इथेच आहे. ‘१०० सापळ्यांत ६० उंदीर’ आणि ‘१०० सापळ्यांत १० उंदीर’ यांत सहापट फरक नसतो. भरलेला सापळा उरलेल्या रात्रीपुरता बाद झालेला असतो. दुरुस्ती सोपी आहे: भरलेल्या सापळ्यांचं प्रमाण १ मधून वजा करा, उत्तराचा नैसर्गिक लॉग घ्या, चिन्ह बदला, १०० ने गुणा. १० टक्क्यांचे १०.५ होतात, ४० टक्क्यांचे ५१, आणि ६० टक्क्यांचे जवळपास ९२. म्हणजे खरा फरक पावणेनऊ पट. ही दुरुस्ती केली नाही तर दोन हंगामांत दोन उलट चुका होतात. वाढीच्या तुकड्यात नोव्हेंबरचा मोठा आकडा दबून येतो, त्यामुळे गर्दीचा परिणाम आहे त्याहून जास्त भासतो. ओढीच्या तुकड्यात तोच दबलेला आकडा सुरुवातीला असतो, घट कमी दिसते आणि परिणाम आहे त्याहून कमी भासतो. वर्षाच्या गुणाकारात दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून वार्षिक आकडा बघणाऱ्याला कधी शंकाच येत नाही. तुम्ही हंगाम वेगळे करणार, तेव्हा तुम्हाला ती नडणार.

दुसरी अडचण आमिषाची. मेमध्ये उपाशी उंदीर बेसनाच्या भज्यावर तुटून पडतो. सप्टेंबरमध्ये शेंगा भरलेल्या असताना तो सापळ्याकडे ढुंकूनही बघत नाही, शिवाय पावसाळ्यात मुंग्या तासाभरात आमिष संपवतात. तीच संख्या मेमध्ये दुप्पट आणि सप्टेंबरमध्ये निम्मी भासू शकते. याला उपाय एकच, खूण करून सोडणं आणि पुन्हा पकडणं. १० बाय १० सापळ्यांची जाळी, दोन सापळ्यांत १० मीटर अंतर, सलग तीन ते पाच रात्री. पहिल्या टप्प्यात २४ उंदरांना खूण केली, दुसऱ्या टप्प्यात २० सापडले, त्यांत ९ खुणेचे. मग तिन्ही आकड्यांत १ मिळवून २५ गुणिले २१, भागिले १०, वजा १, म्हणजे सुमारे ५२ उंदीर. २४ पैकी ९ पुन्हा आले, म्हणजे सापडण्याची शक्यता ३७-३८ टक्के. ही शक्यता प्रत्येक हंगामाला वेगळी काढा. जुने आकडे नुसते मोजून सोडलेले असतील तर ते टाकून देऊ नका, पण मे आणि सप्टेंबर यांची थेट तुलना करू नका. जूनची जूनशी आणि नोव्हेंबरची नोव्हेंबरशी तुलना बऱ्याच अंशी चालते.

उन्हाळ्यात सापळे सकाळी सातच्या आत उचला, नाहीतर पत्र्याच्या पेटीत उंदीर भाजतो. जानेवारीत आत थोडं सुकं गवत किंवा कापूस ठेवा. हातमोजे बाराही महिने, लेप्टोस्पायरा हा रोगजंतू उंदराच्या लघवीतून पसरतो. जुलैच्या चिखलात वावरात शिरता येत नाही म्हणून सगळे सापळे बांधावर लावायचा मोह होतो. तसं केलंत तर ती बांधाची घनता, शेताची नव्हे. बांधावरचे सापळे वेगळ्या रकान्यात लिहा.

आणि जाती वेगळ्या ठेवा! छोटी घूस, म्हणजे बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस, ओलिताच्या जागी राहते, धान्य साठवते आणि दांडगाईने इतरांना हुसकते. जर्बिल कोरड्या, निचऱ्याच्या जागी. बुडुगा हा इवलासा शेतउंदीर, त्याचं खाणं आणि हद्द दोन्ही लहान. या तिघांची आणि मऊ केसांच्या शेतउंदराची बेरीज करून काढलेला उतार म्हणजे भाजीपाल्याची सरासरी किंमत.

तिसरी चूक संख्याशास्त्रातली. मोजणीत चूक असतेच. जूनचा आकडा योगायोगाने जास्त आला, तर त्याच आकड्यामुळे वाढ कमी दिसते, कारण तोच आकडा आलेखाच्या दोन्ही अक्षांवर बसलेला असतो. खोटा उतार किती येतो याचा ढोबळ अंदाज असा: मोजणीतल्या चुकीचा व्हेरिअन्स (विखुरण्याचं माप) भागिले लॉगचा एकूण व्हेरिअन्स. चुकीचा ०.०६ आणि एकूण ०.३० असेल, तर उणे ०.२ फुकटात. स्टेट-स्पेस मॉडेल (खरी संख्या आणि मोजणीतली चूक वेगळी धरणारं) येत असेल तर ते लावा. येत नसेल तर सापळ्यांच्या विषम ओळी आणि सम ओळी वेगळ्या मोजा. घनता विषम ओळींवरून घ्या, वाढीचा दर सम ओळींवरून. एकच चूक दोन अक्षांवर बसत नाही. उतार थोडा कमी भासेल, पण जो दिसेल तो उसना नसेल.

दोन वर्षांत जूनचे ठिपके दोनच मिळणार, हे तुम्हाला एव्हाना टोचत असेल. ती कसर जागांनी भरून काढायची. शेताचे सहा तुकडे घेतले तर दोन वर्षांत वाढीच्या तुकड्याचे बारा ठिपके होतात. मात्र सहाही तुकड्यांवर पाऊस तोच पडतो, म्हणून पावसाऐवजी वर्ष हा घटक मॉडेलमध्ये ठेवा. आणि चांगल्या तुकड्यात उंदीरही जास्त, वाढही जास्त असं असेल तर घनतेचा परिणाम झाकला जातो. त्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या आकड्यातून त्याची स्वतःची सरासरी वजा करा. बारा ठिपक्यांत विश्वासमर्यादा (खरा उतार ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असू शकतो ती पट्टी) रुंद येईल. येऊ द्या, प्रबंधात तशीच छापा. ‘परिणाम नाही’ आणि ‘परिणाम किती ते या आकड्यांतून ठरत नाही’ यांतला फरक मार्गदर्शकांना मान्य व्हायला हरकत नाही.

आता वडिलांचा प्रश्न. वरचेच ०.८ आणि ०.३ घेऊ. नोव्हेंबरमध्ये निम्मे उंदीर मारले, तर पुढच्या जूनमध्ये किती कमी दिसतील? २ चा लॉग ०.६९, त्याचा ०.३ भाग ०.२१, म्हणजे १९ टक्के कमी. मारले नसते तरी त्यांतले बरेच उन्हाळ्यात मेलेच असते, आणि जे वाचले त्यांना आता वाटा जास्त मिळाला. तेच निम्मे जूनच्या सुरुवातीला मारले, तर नोव्हेंबरमध्ये ४३ टक्के कमी दिसतात. मेहनत आणि औषध तेवढंच. पावसाआधी, मे-जूनमध्ये सगळ्या गावाने मिळून मोहीम करावी असं कृषी विभाग सांगतो, त्याच्याशी हा हिशेब जुळतो. पण वडिलांना जानेवारी-फेब्रुवारीतला गहू वाचवायचा असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबरचा हातही हवाच. पुढच्या जूनमध्ये त्याचा फारसा परिणाम उरणार नाही, पण गव्हाच्या ओंब्या तोवर घरात आलेल्या असतात. फेब्रुवारीत, गहू कापलेला दिसल्यावर धावपळ करण्यात मात्र फारसा अर्थ नाही. तेव्हा शेतात आमिषापेक्षा चांगलं खाणं उभं असतं.

करायचं असं. संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवा, सकाळी उघडलेली तेवढी जिवंत धरा. छोटी घूस स्वतःच तोंड मातीने लिंपते, तिथे ताज्या मातीचा ढिगारा बघा. ९६० ग्रॅम भरडलेलं धान्य, २० ग्रॅम खाद्यतेल, ०.२५ टक्के ब्रोमाडायोलोनची २० ग्रॅम पूड, काठीने मिसळून ०.००५ टक्क्यांचं आमिष होतं. कागदाच्या पुडीत सुमारे १५ ग्रॅम, बिळाच्या आत सरकवायचं. वर पसरलं तर मोर आणि तितर मरतात. उंदीर काही दिवसांनी मरतात, लगेच दिसले नाहीत म्हणून दुसरं औषध टाकू नका. झिंक फॉस्फाइड वापरणार असाल तर आधी दोन-तीन दिवस साधं आमिष खाऊ घाला. थोडं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. ओल लागली की झिंक फॉस्फाइड बिघडतं आणि माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर नेमका उतारा नाही. ब्रोमाडायोलोनवर व्हिटॅमिन के-१ आहे, तरी डबा कुलपातच ठेवायचा. मेलेले उंदीर खोल पुरा. एकट्याच्या शेतात केलं तर काही आठवड्यांत शेजारच्या बांधावरून जागा भरून निघते, म्हणून निदान लगतच्या चार-पाच शेतकऱ्यांना धरा.

शेवटची सूचना तुमच्या प्रबंधासाठी. वडील औषध टाकणारच असतील तर त्याचाच प्रयोग करा. घनतेचा परिणाम तपासायला घनता स्वतः बदलून बघण्यासारखी दुसरी कसोटी नाही. सहापैकी दोन तुकड्यांत जूनमध्ये, दोघांत नोव्हेंबरमध्ये, दोन तसेच. कुठल्या तुकड्याला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर वडील सगळ्यात जास्त उंदरांचा तुकडाच औषधाला निवडतील. तुकड्यांत निदान २०० मीटर अंतर ठेवा, टाकलेलं आणि उरलेलं आमिष तोलून लिहा, आणि औषधानंतर पंधरा दिवसांनी एक मोजणी जास्तीची करा म्हणजे खरंच किती मेले ते कळेल. औषध न टाकलेल्या दोन तुकड्यांचं नुकसान कोणी सोसायचं, हे मात्र घरात आत्ताच बोलून घ्या.